आधी शिकणारा, मग अ‍ॅप: खान्देशात डिजिटल शिक्षण लावून देताना

"चांगलं अ‍ॅप कोणतं?" हा प्रश्न जामनेरचे पालक विचारतात, चोपड्याच्या कॉलेजातली मुलगी विचारते आणि जळगाव एमआयडीसीतला मॅनेजरही विचारतो. तिघांची अडचण निरनिराळी असल्यामुळे तिघांना एकच उत्तर चालत नाही. लहान मुलाजवळ बसायला कुणाला सवड नसते. कॉलेजच्या मुलीला कोर्स सापडतो, पण त्याचे क्रेडिट मिळतील की नाही हे सांगणारं कुणी भेटत नाही. कारखान्यातला माणूस शिफ्ट संपवून घरी येतो तेव्हा त्याला जेवून झोपायचं असतं. म्हणून अ‍ॅपचा विचार सगळ्यात शेवटी करायचा. त्याआधीची कामं कोणती आणि ती कोणत्या क्रमानं करायची, ते इथे लिहितो आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे डोळ्यांसमोर आहेत.

पायरी १: वहीचं एक पान

फोन बाजूला ठेवून शिकणाऱ्याबद्दल चार ओळी लिहा. फोन कुणाचा आहे आणि शिकणाऱ्याच्या हातात तो किती वाजता येतो? घरात कोणती भाषा बोलतात? महिन्याभरानं त्याला नेमकं काय करता यायला हवं? आणि अडलं तर तो कुणाला विचारणार?

पहिली ओळ सोपी वाटते, पण बहुतेक बेत तिथेच फसतात. घरात स्मार्टफोन एक असतो आणि तो सकाळीच वडिलांबरोबर शेतात जातो. शेतीपंपाची थ्री-फेज लाईट पाळीपाळीनं येते. ज्या आठवड्यात पाळी रात्रीची, त्या आठवड्यात फोनही रात्री विहिरीवर. अशा घरातल्या मुलाला "रोज रात्री आठ वाजता लाईव्ह क्लास" लावून देणं म्हणजे पैसे पाण्यात. त्याला डाउनलोड करून ठेवलेला, केव्हाही उघडता येईल असा धडा हवा. तसंच कापूस वेचणीच्या दिवसांत घरातलं कुणीच नवा कोर्स धरत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर सोडा आणि जानेवारीत सुरू करा.

तिसऱ्या ओळीवर वेळ घालवा. "इंग्रजी सुधारायचं" असं लिहून काही हाती लागत नाही. "बँकेतला इंग्रजी अर्ज कुणाला न विचारता भरता यावा" असं लिहिलं की काय शिकायचं आणि कुठे थांबायचं, दोन्ही कळतं.

चौथी ओळ कोरी राहिली तर पुढची पायरी घेऊ नका. आधी माणूस शोधा. शेजारची बारावीची मुलगी चालेल, शाळेतले सर चालतील, कंपनीतला जुना ऑपरेटर चालेल. कुलूपबंद खोलीत धूळ खाणारे स्मार्ट बोर्ड पाहिले की माझं मत पक्कं होतं: यंत्र घेतलं जातं, पण त्याच्याजवळ रोज कोण बसणार हे ठरवलेलं नसतं.

पायरी २: फोन तयार करणं

हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण टाळू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरचे सुप्रभातचे फोटो आणि लग्नांचे व्हिडिओ काढून टाकून जागा करा. यूट्यूबवर व्हिडिओचा दर्जा आधीच ठरवून ठेवा. १४४पीवर तासाला साधारण शंभर एमबी लागतात, ७२०पीवर तेवढ्याच वेळात एक जीबीच्या आसपास जातो. फळ्यावरची अक्षरं वाचायची असतील तर ३६०पी पुरतं. फक्त बोलणं ऐकायचं असेल तर १४४पी पुष्कळ झालं.

धडगाव, मोलगी, तोरणमाळ या भागात आठवडी बाजाराच्या दिवशी रेंजमध्ये यायचं, पुढच्या आठवड्याचे धडे उतरवून घ्यायचे आणि घरी जायचं, असं वेळापत्रकच बसवा. ज्याला रेंजच नाही त्याच्यासाठी टीव्ही आहे. पीएम ई-विद्येतल्या इयत्तावार वाहिन्या आणि स्वयंप्रभाच्या शैक्षणिक वाहिन्या डीडी फ्री डिशवर दिसतात, महिन्याचं भाडं नाही.

उन्हाळ्याचं एक सांगतो. आपल्याकडे पारा ४५च्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या घरात दुपारी चार्जिंगला लावून व्हिडिओ पाहिला की फोन तापून बंद पडतो. एप्रिल-मे महिन्यांत अभ्यास सकाळी नऊच्या आत उरका.

पायरी ३: सहा-सात वर्षांपर्यंतची मुलं

इथे कमी तेवढं बरं. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०२१च्या सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा अजिबात नको आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास. माझ्या मते शिकण्यासाठी पंधरा मिनिटं पुरतात, तीही मांडीवर किंवा शेजारी बसवून.

कृती अशी. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट आहेत आणि पातळीनुसार लावलेल्या आहेत. एक गोष्ट निवडा. पहिल्या दिवशी ती न वाचता चित्रं दाखवत घरच्या भाषेत सांगा. घरात अहिराणी असेल तर अहिराणीत, गुजर बोली असेल तर तीत, सातपुड्यात भिली, पावरी किंवा मावची असेल तर त्या भाषेत. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मराठीत वाचून दाखवा आणि ओळींवरून बोट फिरवा. तिसऱ्या दिवशी मुलाला सांगायला लावा, हवी त्या भाषेत. मगच पुढची गोष्ट. पोर बोलून वाचतं आणि फोन चूक दाखवतो अशीही अ‍ॅप्स आहेत. ती चांगली आहेत, पण खान्देशी हेल त्यांना कधीकधी समजत नाही. पोरानं शब्द बरोबर म्हटला आणि फोननं लाल केला, तर पोराची बाजू घ्या आणि पुढे चला. नाहीतर ते वाचायलाच बिचकतं.

जेवताना फोन देण्याबद्दल काही लिहीत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे देतात.

पायरी ४: पाचवी ते दहावी

यांच्यासाठी नवं काही विकत घेऊ नका. बालभारतीच्या पुस्तकांवर चौकोनी क्यूआर कोड असतात. ते २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा या सरकारी अ‍ॅपमधून उघडतात. अ‍ॅप उतरवा, भाषा मराठी ठेवा, मंडळ, माध्यम आणि इयत्ता निवडा, पाठाजवळचा कोड स्कॅन करा आणि जे उघडेल ते डाउनलोड करून ठेवा. नंतर नेट नसतानाही चालतं. पुस्तक फाटलं किंवा हरवलं तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर त्याची पीडीएफ फुकट मिळते. आवृत्ती चालू वर्षाचीच आहे ना, तेवढं पाहा.

आता वापरायचं कसं? आधी पुस्तकातला पाठ वाचायचा आणि जे कळलं नाही त्याच्यापुढे पेन्सिलीनं खूण करायची. व्हिडिओ फक्त खुणेपुरता पाहायचा, तोही वही उघडी ठेवून. पाहून झाला की फोन उलटा ठेवायचा आणि आठवेल ते वहीत लिहायचं. ही उलटा ठेवण्याची गोष्ट मी उगाच धरून बसलेलो नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवलं की मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा एकदा वाचून आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवडाभरानंतर जास्त लक्षात राहतं. वाचणाऱ्यांना मात्र आपल्याला सगळं येतं असं वाटत असतं. व्हिडिओ पाहणाऱ्याचंही तसंच होतं. सरांनी गणित भराभर सोडवलं की पाहणाऱ्यालाही ते सुटल्यासारखं वाटतं.

वेळेचं माप हवं असेल तर केंद्र सरकारच्या २०२०च्या प्रज्ञाता सूचना आहेत. पहिली ते आठवीला दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांची दोन सत्रं, नववी ते बारावीला जास्तीत जास्त चार. त्या कोरोनाच्या काळातल्या आहेत. आता शाळा भरत असताना घरी त्याच्या निम्मं पुरे.

ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी वेगळा बेत लागतो. निघण्याआधी शाळेतून मुलाचं शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. म्हणजे जिथे मुक्काम पडेल तिथल्या शाळेत बसवता येतं. आई-वडिलांच्या फोनमध्ये त्या इयत्तेचे भाषा-गणिताचे धडे दिवाळीआधीच भरून द्या. तिकडे टोळीवर आणखी कुणाची पोरं आहेत ते विचारा आणि एका मोठ्या मुलीकडे धडे लावून देण्याचं काम सोपवा. शिक्षकांनी आठवड्यातून एकदा फोन करून दोन गणितं तोंडी विचारली तरी पोराला कळतं, शाळेला आपली आठवण आहे.

पायरी ५: कॉलेजची मुलं

इथे सगळ्यात जास्त संधी आहे आणि सगळ्यात जास्त गैरसमजही. स्वयम हे केंद्र सरकारचं व्यासपीठ जुलै २०१७मध्ये सुरू झालं. आयआयटी आणि आयआयएस्सीचं एनपीटेल त्याहून जुनं, २००३पासूनचं. दोन्हींवर शिकणं फुकट आहे. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेचं शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. एनपीटेलमध्ये दर आठवड्याच्या असाइनमेंटना २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात. नुसते व्हिडिओ पाहिले म्हणून काही मिळत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (युजीसी) २०२१च्या नियमानुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून करून त्यांचे क्रेडिट, म्हणजे पदवीत धरले जाणारे श्रेयांक, घेता येतात. पण त्यासाठी आपल्या कॉलेजनं तो कोर्स आधी मान्य केलेला असला पाहिजे. म्हणून क्रम उलटा करू नका:

१. विभागप्रमुखांना किंवा कॉलेजच्या स्वयम समन्वयकाला विचारा, या सत्रात कोणते कोर्स मान्य आहेत. उत्तर तोंडी न घेता यादी मागा.
२. हे क्रेडिट जिथे जमा होतात त्या अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी डिजिलॉकरमधून काढून ठेवा. नाव दहावीच्या मार्कशीटप्रमाणेच आहे ना, ते पाहा. आईचं नाव, आडनाव मागे-पुढे झालं की महिनोन् महिने खेटे घालावे लागतात.
३. मगच नोंदणी करा. सत्रं जानेवारी आणि जुलैची असतात.
४. परीक्षेचं शुल्क भरण्याआधी केंद्र कुठलं मिळतं ते पाहा. शहादा किंवा नवापूरच्या मुलीला पेपरसाठी आदल्या दिवशी निघावं लागणार असेल, तर घरच्यांशी ते आधीच बोलून ठेवलेलं बरं.
५. एकटीनं करू नका. वर्गातल्या तिघीचौघींनी एकच कोर्स घ्या आणि असाइनमेंटच्या आदल्या संध्याकाळी लायब्ररीत बसा.

इंग्रजीची भीती असेल तर एनपीटेलच्या बऱ्याच कोर्सेसचं मराठी भाषांतर उपलब्ध आहे. इंग्रजी व्याख्यान ०.७५ वेगानं, खाली अक्षरं चालू ठेवून ऐका आणि मराठी मजकूर आधी वाचून ठेवा. दोन-तीन आठवड्यांत कान बसतो.

नोकरी करता करता पदवी हवी असेल तर कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे आणि १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाकडे बहिःस्थ किंवा दूरस्थ शिक्षणाची चौकशी करा. एखादी खासगी संस्था फोनवरून घरबसल्या पदवीची हमी देत असेल, तर युजीसीच्या यादीत तिला दूरस्थ किंवा ऑनलाइन शिक्षणाची मान्यता आहे का, ते तपासल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

पायरी ६: कर्मचारी

सरकारी कर्मचाऱ्यांना आयगॉट कर्मयोगी हे ऑनलाइन प्रशिक्षणाचं व्यासपीठ ठाऊक झालं आहे. ते ज्या मिशन कर्मयोगीतलं, त्याला मंजुरी मिळाली ती सप्टेंबर २०२०मध्ये. शिक्षकांना दीक्षावरचं निष्ठा प्रशिक्षण, अंगणवाडीताईंना पोषण ट्रॅकरवरचे व्हिडिओ. या सगळ्यात एक रोग पसरला आहे: नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट, प्रमाणपत्र, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस. दोष कर्मचाऱ्याचा नाही. वरून आकडा मागितला जातो, खालून आकडाच जातो. केंद्रप्रमुख किंवा पर्यवेक्षिकेला खरंच काही घडावं असं वाटत असेल, तर मासिक बैठकीत प्रमाणपत्रं मोजू नका. एकीला उभं करा आणि विचारा, "या कोर्समधलं तुम्ही परवा वर्गात काय करून पाहिलं?" पुढच्या महिन्यात बाकीच्या व्हिडिओ पाहून येतात.

खासगी कारखान्यांचं काम जास्त मनोरंजक आहे, कारण तिथे सगळं स्वतः बनवता येतं. जळगावच्या एमआयडीसीत पाईप, चटई, डाळमिल. शिरपूरला कापड. नवा कामगार येतो, चार दिवस जुन्याच्या मागे फिरतो आणि पाचव्या दिवशी मशीनवर उभा राहतो. तो कधी मराठी, कधी हिंदी, कधी भोजपुरी बोलणारा. विकत आणलेलं चकचकीत सेफ्टी ट्रेनिंग त्याच्या काही कामाचं नाही, कारण त्यात दिसणारं मशीन त्याचं नाही.

पाईपच्या लाईनचं उदाहरण घेऊन असं करा. सुपरवायझर आणि सगळ्यात जुना ऑपरेटर यांनी बसून एका मशीनवरच्या पाच कामांची यादी करायची: सुरू करणं, हॉपर (कच्चा माल टाकायचं नरसाळं) भरणं, डाय (पाईपला आकार देणारा साचा) साफ करणं, अडकलेला माल काढणं, बंद करणं. ज्या कामात हात जायचा धोका आहे त्याची क्लिप आधी. एका कामाची एकच क्लिप, तीन-चार मिनिटांची. लांबी मनानं ठरवलेली नाही. २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावरच्या लाखो व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास झाला, त्यात सहा मिनिटांनंतर बघणाऱ्यांचं लक्ष टिकत नाही असं दिसलं. आणि ते तर खुर्चीत बसून बघणारे होते.

चित्रीकरण ऑपरेटरच्या हातांचं करा, चेहऱ्याचं नको. मशीनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आवाज नंतर शांत खोलीत भरा, एकदा मराठीत, एकदा हिंदीत. मेन स्विच बंद करून कुलूप लावणं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवणं हे प्रत्येक दुरुस्तीच्या क्लिपमध्ये पहिलं दिसलंच पाहिजे. क्लिपचा क्यूआर कोड छापून, लॅमिनेट करून मशीनजवळ लावा, पण चालत्या भागापासून लांब. कामगारानं पाहायचं, मग जुन्या ऑपरेटरसमोर मशीन बंद असताना करून दाखवायचं आणि दोघांनी रजिस्टरमध्ये सही करायची. सही झाल्याशिवाय एकट्यानं मशीन हाताळायचं नाही.

मालकांना एकच सांगणं: शिकणं शिफ्टच्या वेळात ठेवा. शिफ्ट सुरू होतानाची पंधरा मिनिटं द्या. "घरी जाऊन बघून घ्या" म्हटलं की कुणी बघत नाही आणि अपघात झाला की "व्हिडिओ पाठवला होता" हे उत्तर चालत नाही.

दुकानांना एवढी यंत्रणा लागत नाही. सराफी पेढीतल्या नव्या विक्रेत्याला हॉलमार्कचा सहा आकडी-अक्षरी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, बीआयएस केअर या सरकारी अ‍ॅपमध्ये तपासून ग्राहकाला दाखवता आला, तर पहिल्या आठवड्याचं शिक्षण झालं. नवी कौशल्यं शोधणाऱ्यांनी २०२३ साली सुरू झालेला स्किल इंडिया डिजिटल हब चाळावा. फुकट कोर्स बरेच आहेत, उपयोगी त्याहून कमी.

पायरी ७: शेतकरी आणि मोठी माणसं

शेतकऱ्याला शिकवायला लागत नाही, यूट्यूब तो आपणहून बघतो. अडचण खरं-खोटं ओळखण्याची आहे. रावेर-यावलच्या केळीवर हरण्या म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) हा रोग दिसला की हमखास फवारणीचे व्हिडिओ फिरू लागतात. हा विषाणू मावा या किडीतून पसरतो आणि लागण झालेलं झाड कोणत्याही औषधानं बरं होत नाही. ते उपटून नष्ट करायचं, आणि बागेत किंवा जवळपास काकडीवर्गीय पिकं, टोमॅटो, मिरची लावायची नाही. त्यामुळे व्हिडिओ पाहताना तारीख, बोलणारा कोणत्या संस्थेचा, आणि शेवटी तो एखाद्या कंपनीचं औषध विकतो का, या तीन गोष्टी आधी बघा. मग पाल, ममुराबाद, धुळे किंवा नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्रात फोटो दाखवा किंवा किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर विचारा. सकाळी सहा ते रात्री दहा, मराठीत बोलता येतं.

गटानं शिकायचं असेल तर एका धड्याला शेतातलं एक काम जोडा. कापसातल्या गुलाबी बोंडअळीचा व्हिडिओ पाहिला, तर त्याच आठवड्यात नर पतंगांना वासानं ओढणारे कामगंध सापळे लावा आणि रोज पतंग मोजून गटावर टाका. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले की फवारणीचा निर्णय घ्यायचा. रात्री पाणी भरताना कानात वायर घालून ऐकणाऱ्यांनी एक कान मोकळा ठेवावा. केळीच्या बागेत बिबट्या आणि साप दोन्ही असतात.

अक्षरओळख नसलेल्या आजी-काकूंसाठी उल्लास म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे, पंधरा वर्षांवरच्या कुणालाही. शिकवणारा स्वयंसेवक घरातली नात असू शकते. धडे अ‍ॅपवर आहेत, पण सुरुवात धड्यानं करू नका. आधी फोनमधलं मुलाचं नाव ओळखणं, मग बँकेच्या मेसेजमधला आकडा वाचणं, मग बसची पाटी. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान अशा तीन भागांच्या चाचणीला त्या नंतर हसत बसतात. बचत गटाची बैठक या कामाला उत्तम: वही आहे, हिशेब आहे आणि बायका एकमेकींना हसल्या तरी राग येत नाही.

डोळ्यांनी कमी दिसणाऱ्यासाठी अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत टॉकबॅक असतं, पडद्यावरचं मराठीतही वाचून दाखवतं. पहिल्या दिवशी सुरू आणि बंद करणं एवढंच शिकवा, नाहीतर घरातले सगळे गोंधळतात. छापील मजकूर वाचता न येणाऱ्या दृष्टिबाधितांसाठी सुगम्य पुस्तकालय ही ऑनलाइन लायब्ररी २०१६पासून आहे. ज्याला लिहिता येत नाही त्याला कीबोर्डवरच्या माइकनं मराठीत बोलून लिहायला दाखवा.

पायरी ८: पैसे देण्याआधी आणि दिल्यानंतर

फुकटातलं वापरून महिना झाल्याशिवाय विकतचं घेऊ नका. घ्यायचंच ठरलं तर वर्षाचं पॅकेज न घेता महिन्याचं घ्या. घरी येणारा विक्री प्रतिनिधी मुलाची चाचणी घेऊन "कच्चा आहे" म्हणाला की समजून घ्या, तसं तो प्रत्येक घरी म्हणतो. कागदावर सही करण्याआधी ही फी आहे की एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज, ते मोठ्यानं विचारा, आणि पैसे परत कसे मिळतील ते लेखी घ्या. शिष्यवृत्तीच्या नावानं ओटीपी मागणारा फोन आला आणि पैसे गेले, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. जेवढ्या लवकर कळवाल तेवढी रक्कम थांबण्याची शक्यता जास्त.

महिन्याच्या शेवटी पहिल्या पायरीतलं पान काढा आणि तिसरी ओळ वाचा. शिकणाऱ्याला ते काम फोनशिवाय करायला सांगा. जमलं तर पुढचं लिहा. जमलं नाही तर आधी वेळ आणि सोबतचा माणूस बदलून पाहा, अ‍ॅप त्यानंतर. आणि लागोपाठ तीन आठवडे उघडलंच गेलं नसेल तर कोर्स बंद करा. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट असा भाग असतो, तिथून त्याची कपात रद्द करा. नुसतं अ‍ॅप काढून टाकलं तर पैसे कापले जातच राहतात.